स्वस्तातली चाळिशी



'चाळिशी' हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. तो वयाचेही नाव आहे आणि चष्म्याचेही. "माझी चाळिशी कुठे ठेवलीस गं?" असे आजोबा विचारतात तेव्हा घरातले कोणी त्यांचे वय शोधायला निघत नाही, कोनाड्यात चष्मा पाहतात. हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांचा हिशेब मात्र अचूक होता. आपल्या डोळ्यात एक नैसर्गिक भिंग आहे. लहानपणी ते लवचिक असते. जवळचे पाहायचे झाले की ते फुगते, लांबचे पाहायचे झाले की सपाट होते. वयाबरोबर ते ताठर होत जाते, आणि चाळिशीच्या आसपास एक दिवस असा येतो की वर्तमानपत्र हातभर लांब धरल्यावाचून अक्षर लागत नाही. हा काही रोग नव्हे. केस पिकतात तसेच हे आहे.

बरे, चाळिशी लागली. आता चष्मा कोणता घ्यायचा? आठवडी बाजारात शंभर-दोनशे रुपयांना वाचायचा तयार चष्मा मिळतो. तालुक्याच्या गावी दुकानावर मोठा फलक असतो : 'प्रोग्रेसिव्ह काचा, पन्नास टक्के सूट'. शेजारच्या दुकानात 'एकावर एक मोफत'. मोबाइल उघडला तर त्यातही तेच. आणि ही प्रोग्रेसिव्ह नावाची काच हजार-दीड हजारापासून तीस-चाळीस हजारांपर्यंत, म्हणाल त्या भावाने मिळते. दोन्ही काचा हातात घेऊन पाहिल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही. मग माणूस गोंधळून जातो. महाग घ्यावी तर लुबाडले गेल्यासारखे वाटते, स्वस्त घ्यावी तर डोळ्यांचे वाटोळे होईल अशी भीती वाटते.

भीतीचे आधी निवारण करतो. चुकीच्या चष्म्याने मोठ्या माणसाचा डोळा बिघडत नाही. डोके दुखेल, चक्कर आल्यासारखे होईल, पायरी चुकेल. पण डोळा जाणार नाही. नुकसान होते ते पैशाचे, आणि कधी कधी हातापायाचे. तेव्हा आज आपण या काचेचा मोलभाव कसा करावा एवढाच विचार करू. माझे मत पहिल्यानेच सांगून टाकतो : सूट काचेवर मिळाली तर जरूर घ्यावी, सूट मापावर मिळत असेल तर घेऊ नये. याचा अर्थ पुढे उलगडेल.

ज्याला लांबचाही नंबर आहे आणि जवळचाही, त्याला खरे म्हणजे दोन चष्मे लागतात. ही उठाठेव टाळण्यासाठी अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी दोन प्रकारची भिंगे अर्धी अर्धी कापून एकाच फ्रेममध्ये वरखाली बसवून घेतली आणि १७८५ साली एका मित्राला पत्र लिहून त्यांचे मोठे कौतुक केले. ते तेव्हा फ्रान्समध्ये होते. जेवताना ताटातले अन्नही नीट दिसते आणि पंक्तीत समोर बसलेल्याचा चेहराही, असे त्यांचे म्हणणे. तीच आपली बायफोकल. आजच्या बायफोकलमध्ये खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखी छोटी खिडकी असते. तिच्यातून वाचायचे, वरून लांबचे पाहायचे.

कोकणात किंवा मावळात उतारावर भाताची खाचरे असतात. वरचे खाचर सपाट, मध्ये बांध, मग खालचे खाचर सपाट. बायफोकल काच तशी आहे. दोन्ही खाचरे छान रुंद, पण मध्ये एकदम पायरी. त्यामुळे हातभर ते दीड-दोन हात अंतरावरचे, म्हणजे संगणकाचा पडदा, दुकानातला तराजू, पंक्तीत वाढतानाची पाने, धड वरूनही दिसत नाहीत आणि धड खालूनही नाहीत.

ही पायरी काढून टाकून तिथे उतार करावा, ही कल्पना काही कालची नव्हे. इंग्लंडात ओवेन एव्हज यांनी १९०७ साली तिचे पेटंट घेतले होते. पण काच बाजारात आली नाही. पुढे फ्रान्सच्या बेर्नार मेतनाझ या अभियंत्याने ती करून दाखवली आणि १९५९ साली 'व्हॅरिलक्स' नावाने ती विक्रीला आली. तेव्हापासून प्रोग्रेसिव्ह काच खऱ्या अर्थाने लोकांच्या नाकावर बसली. वरच्या भागात लांबचा नंबर, खाली जवळचा, आणि मध्ये नंबर हळूहळू बदलत जाणारा उतार. रेघ नाही, पायरी नाही.

पण मंडळी, फुकट काही मिळत नाही. काचेचा गोलवा वरून खाली हळूहळू वाढवत न्यायचा, तर दोन्ही कडांना ती काच पिरगळल्यासारखी होते. तिथून पाहिले की सरळ दाराची चौकट वाकडी दिसते आणि अक्षर पुसट होते. स्वच्छ दिसते ते मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून. आपल्याकडे दोन कुंपणांमधून शेताकडे जाणारी पाणंद असते ना, तसा हा पट्टा. पाणंदीतून सरळ चाललात तर वाट मोकळी आहे. जरा कडेला सरकलात की काटे.

ही पाणंद किती रुंद ठेवता येईल याला गणिताची मर्यादा आहे. जर्मनीतील गुंटर मिंकविट्झ यांनी १९६३ साली ती मांडली. सोप्या भाषेत ती अशी : मधल्या रेषेवरून खाली जाताना नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूचा दोष वाढतो. आपल्यात शिक्षक मंडळी आहेत, त्यांनी फळ्यावर मांडून पाहावे. समजा, जवळच्या नंबराची भर दोनची आहे आणि उतार १४ मिलिमीटर लांब आहे. म्हणजे मिलिमीटरला सुमारे ०.१४ नंबर वाढतो, आणि बाजूचा दोष मिलिमीटरला सुमारे ०.२९ ने वाढतो. अर्ध्या नंबराचा दोष डोळ्याला जाणवू लागतो असे धरले, तर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पावणेदोन-पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे एकंदर साडेतीन मिलिमीटरची पाणंद झाली. भर एकचीच असेल तर तीच पाणंद सात मिलिमीटर होते. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, कितीही महाग काच घेतली तरी कडेचे काटे संपूर्ण जात नाहीत. तसे सांगणारा विक्रेता तुम्हाला फसवतो आहे. दुसरी, ज्याची भर थोडी त्याचे स्वस्त काचेतही चांगले भागते.

आता जास्त पैसे दिले तर काय मिळते? काट्यांची वाटणी हुशारीने केलेली मिळते. दोष एका जागी साचू न देता तो पातळ पसरवायचा, की कडेला दाबून टाकून मधला भाग मोकळा ठेवायचा, तुमच्या लांबच्या नंबराप्रमाणे आणि सिलिंडर नंबराप्रमाणे आराखडा बदलायचा, फ्रेम चेहऱ्यावर किती कललेली आहे ते धरायचे, हे सारे महाग काचेत केलेले असते. पूर्वी उताराचा भाग काचेच्या पुढच्या अंगावर साच्यातच घडवलेला असे आणि मागचे अंग गिऱ्हाइकाच्या नंबराप्रमाणे घासत. अजूनही स्वस्त काचा अशा होतात. नव्या पद्धतीत संगणकावर चालणारे यंत्र तो उतार बिंदू बिंदू मोजून कोरते. त्यालाच दुकानात 'डिजिटल' किंवा 'फ्रीफॉर्म' म्हणतात. मात्र यंत्र नवे आहे म्हणून आराखडा चांगला असेलच असे नाही. नव्या छापखान्यात जुने पुस्तकही छापता येते.

शिवाय पेटंटाची मुदत वीस वर्षांची असते. ती संपली की त्या धाटणीच्या काचा कोणीही कराव्या. त्यामुळे एके काळी श्रीमंतांनीच वापरावी अशी जी काच होती, तिच्याच धाटणीची काच आज खालच्या भावाला मिळते. स्वस्त म्हणजे टाकाऊ असे समजण्याचे कारण नाही. पंचेचाळिशीच्या आतबाहेरचे वय, भर सव्वापर्यंत, सिलिंडर नंबर नाही किंवा अगदी थोडा, अशा माणसाने साधी प्रोग्रेसिव्ह घेतली तर त्याला महाग काचेचा फरक बहुधा कळणारही नाही. याउलट साठीचे वय, भर अडीचची, सिलिंडर नंबर मोठा, आणि दिवसभर लिहिण्यावाचण्याचे काम, अशा माणसाने ऐपत असेल तर मधल्या किंवा वरच्या भावाची काच घ्यावी. तिथे एकेक मिलिमीटर कामाचा असतो.

हे झाले काचेचे. पण मुळात तुम्हाला प्रोग्रेसिव्ह हवीच का? हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही, म्हणून इथे विचारतो.

शाळेतले गुरुजी किंवा बाई यांना ती उत्तम. शेवटच्या बाकावर कोण कुजबुजते आहे ते पाहायचे, फळा पाहायचा, आणि त्याच क्षणी हजेरीपटावर नजर टाकायची. दर वेळी चष्मा काढा-घाला करत बसले तर वर्ग ताब्यात राहायचा नाही. पोस्टातला, बँकेतला, सोसायटीतला माणूस, दुकानदार, ग्रामसेवक, यांचेही तसेच. पण ज्या शेतकऱ्याला लांबचे स्वच्छ दिसते आणि फक्त फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचे प्रमाण, बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आणि मोबाइलवरचा बाजारभाव तेवढा वाचायचा आहे, त्याने हजारो रुपये कशाला घालवावे? साधा वाचायचा चष्मा सदऱ्याच्या खिशात ठेवावा. शिंपीकाम, सोनारकाम, विणकाम करणाऱ्यालाही जवळचे रुंद क्षेत्र लागते. पाणंदीतून सुई ओवत बसणे त्याला सोसायचे नाही. त्याने कामापुरता साधा जवळचा चष्मा वेगळा ठेवावा.

साध्या चष्म्याला कोणी कमी लेखू नये. आसामात चहाच्या मळ्यांत पाने खुडणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या ७५१ मजुरांवर एक शास्त्रीय चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काहींना साधे जवळचे चष्मे मोफत दिले, काहींना चाचणी संपेपर्यंत दिले नाहीत. ज्यांना दिले त्यांची पाने खुडण्याची कामगिरी इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. प्रोग्रेसिव्ह नव्हे, डिजिटल नव्हे, साधा चष्मा. कोणत्याही सवलतीच्या फलकापेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते.

तर प्रोग्रेसिव्ह हवी असे ठरले, आणि आपण दुकानात शिरलो. संवाद साधारण असा होतो.

"या काका, आज शेवटचा दिवस आहे. पन्नास टक्के ऑफ!"

"कशावर पन्नास टक्के?"

"लेन्सवर, काका. आठ हजाराची लेन्स चार हजारात."

"कंपनी कोणती? लेन्सचं नाव काय?"

"ब्रँडेड आहे, काका. बिनधास्त घ्या."

इथे बिनधास्त घेऊ नये. सूट ही छापील किमतीवर असते, आणि छापील किंमत छापणाऱ्याच्या हातात असते. समजा, या दुकानात आठ हजारांची काच चार हजारांत मिळाली, वर चकाकी घालवणाऱ्या कोटिंगचे सहाशे वेगळे आणि फ्रेमचे बाराशे. झाले पाच हजार आठशे. पलीकडच्या दुकानात सूट मुळीच नाही. काच साडेतीन हजारांची, कोटिंग त्यातच धरलेले, फ्रेम हजाराची. झाले साडेचार हजार. तेव्हा सुटीचा आकडा ऐकायचा नाही. चष्मा नाकावर चढेपर्यंत एकंदर किती पडतील तो आकडा कागदावर लिहून मागायचा. त्याच कागदावर काचेच्या कंपनीचे नाव आणि आराखड्याचे नाव लिहून घ्यायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, सवय झाली नाही तर काच बदलून देणार का, किती दिवसांत, आणि बदलीचे पैसे पडणार का, हेही लिहून घ्यायचे. पुष्कळ चांगल्या कंपन्या ठरावीक मुदतीत काच बदलून देतात. सवलतीच्या मालाला ही सोय काढून घेतलेली असण्याचा संभव असतो. माझ्या दृष्टीने ही एक सोय हजार-पाचशेच्या सुटीपेक्षा मोलाची आहे.

आता मापाकडे वळू. इथेच खरा चष्मा होतो किंवा बिघडतो.

मघाशी आपण साडेतीन मिलिमीटरची पाणंद काढली. ती पाणंद डोळ्याच्या बाहुलीसमोर नेमकी यायला हवी. म्हणून दोन मापे घ्यावी लागतात. पहिले, नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बाहुलीपर्यंतचे अंतर, आणि तेही उजव्या डोळ्याचे वेगळे, डाव्याचे वेगळे. आपले चेहरे देवाने मापपट्टी लावून केलेले नाहीत. उजवीकडे ३१ आणि डावीकडे ३३ असे पुष्कळदा असते. कोणी एकदम ६४ मोजले आणि निम्मे निम्मे केले, की दोन्ही काचा एकेक मिलिमीटर सरकल्या. वाचायच्या साध्या चष्म्यात याने बहुधा काही बिघडत नाही. साडेतीन मिलिमीटरच्या पाणंदीत मात्र माणूस कुंपणाला घासत चालतो.

दुसरे माप उंचीचे. तुम्ही निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर घालून, तिच्या काड्या कानामागे नीट वळवून, ती घसरत नाही असे करून, मग बाहुलीच्या मध्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यायचे. आधी फ्रेम बसवायची, मग माप. उलटे केले तर माप फुकट. बहुतेक प्रोग्रेसिव्ह काचांना हे अंतर निदान १४ ते १८ मिलिमीटर लागते. फॅशनची अरुंद पट्टीसारखी फ्रेम घेतली तर काच बसवताना खालचा भागच कापला जातो. पैसे दिले काचेचे आणि वाचायचा भाग गेला दुकानाच्या केरात. तेव्हा फ्रेम खालून पुरेशी खोल असावी. माप घेणारा तुमच्यासमोर, तुमच्या डोळ्यांच्या पातळीला, बसला आहे ना ते पाहा. तो उभा राहून, तुम्हाला खाली बसवून, वरून खूण करीत असेल तर ते माप नव्हे.

घरबसल्या मोबाइलवरून मागवलेल्या काचेची अडचण हीच आहे. काच वाईट असते असे नव्हे. पण बाहुल्यांचे अंतर फोटोवरून काढलेले आणि उंची सरासरीने धरलेली असेल, तर ती काच तुमच्यासाठी झालेली नसते, सरासरी माणसासाठी झालेली असते. फोनवाल्यांची माणसे घरी येऊन किंवा त्यांच्या दुकानात ही दोन्ही मापे रीतसर घेत असतील तर तिथून घ्यायला हरकत नाही. एकट्या लांबच्या किंवा एकट्या जवळच्या नंबराचा चष्मा असा मागवला तर धोका पुष्कळच कमी.

चष्मा तयार झाला, आणायला गेलात. आता घाई करू नका. नव्या प्रोग्रेसिव्ह काचेवर रंगीत शाईने खुणा छापलेल्या असतात. त्यांत एक फुली असते. दुकानदार त्या पुसून, काच चकचकीत करून तुमच्या हातात देतो. त्याला आधी सांगून ठेवा, "दादा, खुणा पुसू नका, मी आल्यावर पुसा." मग चष्मा घाला, नाकासमोर सरळ बघा, आणि दुकानदाराला तुमच्या समोर येऊन पाहू द्या. सोबत कोणी असेल तर त्यालाही पाहू द्या. दोन्ही फुल्या दोन्ही बाहुल्यांच्या बरोबर मधोमध यायला हव्यात. एखादी नाकाकडे सरकलेली, एखादी वरखाली असेल, तर चष्मा तिथेच परत करा. चांगल्या दुकानदाराला याचा राग येत नाही.

शाई पुसल्यावरही काचेवर दोन अतिशय पुसट कोरीव खुणा राहतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. तोंडाची वाफ देऊन उजेडाकडे धरले की त्या दिसतात. कानाकडच्या खुणेखाली भरीचा आकडा असतो. दोनची भर असेल तर बहुधा इंग्रजी आकड्यांत २० असे. नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचे किंवा आराखड्याचे चिन्ह. तुमच्या पावतीवर एक नाव आणि काचेवर दुसरेच, किंवा काचेवर काहीच नाही, असे आढळले तर प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. काच ज्या पाकिटातून आली ते पाकीटही मागून घ्यावे.

मग सवय करण्याचे दिवस. लांबचे पाहताना हनुवटी सरळ, वाचताना मान न वाकवता नजर खाली, आणि कडेचे पाहायचे झाले तर डोळे न फिरवता नाक तिकडे फिरवायचे. काही दिवस जमीन डोलल्यासारखी वाटते. जुना चष्मा पेटीत टाकून नवाच सतत घाला. आलटून पालटून घातलेत तर सवय कधीच होणार नाही. दोन आठवड्यांत जमले नाही तर परत जा. दुकानदाराने आधी फ्रेमची ठेवण पाहावी, मग मापे, आणि सर्वांत शेवटी नंबर. "काका, होईल हळूहळू सवय," असे सांगून तिसऱ्यांदा वाटेला लावत असेल, तर ती बदलीची लेखी अट इथे उपयोगी पडते. मुदत संपल्यावर तो कागद दाखवून उपयोग नाही, हे लक्षात असू द्या.

पायऱ्या उतरताना मात्र सांभाळा. काचेचा खालचा भाग वीतभर-हातभर अंतरासाठी केलेला, आणि पाय तर चार फुटांवर. त्यामुळे पायाखालची पायरी नेमकी पुसट दिसते. मान खाली घालून वरच्या भागातून पायरी पाहायची. विहिरीच्या पायऱ्या, माळ्याची शिडी, ओला बांध, एसटीची पायरी, या जागा धोक्याच्या. ऑस्ट्रेलियात ६०६ वृद्धांवर झालेली एक चाचणी २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. हे सारे बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह वापरणारे. त्यांतील काहींना घराबाहेर वापरण्यासाठी फक्त लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा दिला. ज्यांचे हिंडणे-फिरणे पुष्कळ होते त्यांचे पडण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. जे क्वचितच घराबाहेर जात त्यांना मात्र फायदा झाला नाही. उलट बाहेर तोल जाण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे रानात, वाटेवर, चढउतारावर रोज चालणाऱ्यांसाठी हा उपाय आहे.

यावरून 'एकावर एक मोफत'चा चांगला उपयोग सुचतो. दोन्ही चष्मे प्रोग्रेसिव्ह घेऊन एक कपाटात ठेवण्यापेक्षा, लांबचा नंबर असेल तर दुसरा चष्मा फक्त लांबच्या नंबराचा करून घ्यावा आणि शेतावर तोच घालून जावे. दुकानदार प्रथम नाही म्हणेल. विचारून पाहा, त्याला तो स्वस्तच पडतो.

कोटिंगे आणि पातळ काचा यांविषयी थोडक्यात. साध्या प्लॅस्टिकच्या काचेवरून सुमारे ८ टक्के उजेड परावर्तित होऊन वाया जातो. अँटिग्लेअर कोटिंगाने तो वाचतो आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याचे प्रतिबिंब कमी होते. रात्री मोटरसायकल चालवणाऱ्याने ते घ्यावे. 'ब्लू कट'साठी वेगळे पैसे देऊ नयेत. मोबाइलच्या निळ्या उजेडाने डोळे शिणतात आणि ही काच तो शीण घालवते असे सांगतात, पण कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा, निदान थोड्या मुदतीत, तसा फायदा दिसला नाही. पातळ काच मोठ्या नंबराला शोभते. नंबर दोनच्या आत असेल तर जाड-पातळ यात शेजाऱ्यालाही फरक दिसणार नाही.

एक गोष्ट मुद्दाम शेवटाला ठेवली होती. दुकानात 'नंबर तपासणी मोफत' असते ती नंबराची, डोळ्याची नव्हे. चाळिशीनंतर नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा दाब आणि डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा; काचबिंदू दुखत नाही, आणि मधुमेहाने पडद्याला होणारी इजाही आरंभी दुखत नाही. सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते. १९७६ सालापासून चाललेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना, आणि जवळच्या कामासाठी वृद्धांना, मोफत चष्मे देण्याची तरतूदही आहे, तिथे विचारावे. मोतीबिंदू पिकू लागला असेल तर नंबर वरचेवर बदलतो, आणि शस्त्रक्रियेनंतर तर तो पार नवाच होतो. अशा वेळी कितीही सूट असली तरी भारी प्रोग्रेसिव्ह काच घेऊ नये. शस्त्रक्रिया होईपर्यंत साध्या चष्म्यावर निभावावे, आणि मग डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा महिना-दीड महिन्याने, नंबर काढून घ्यावा.

नंबराचा कागद तुमचा आहे. तो दुकानात सोडून येऊ नका. त्याच्या पाठीवर दोन्ही बाहुल्यांची मापे आणि उंची दुकानदाराकडून लिहून घ्या. उंची त्या फ्रेमपुरतीच खरी, फ्रेम बदलली की ती पुन्हा मोजावी लागते. पण बाहुल्यांची अंतरे प्रौढपणी सहसा बदलत नाहीत. पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानात गेलात तर नवे माप आणि कागदावरचे जुने माप जुळते की नाही, तेवढे पडताळून पाहा.